कडेचा टाका

मॉस्कोजवळच्या आमच्या अंतराळवीरांच्या वसाहतीत ‘शेवटचा’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही; म्हटलं तर तो खरंच शेवटचा ठरतो, अशी समजूत. काढलाच, तर भर समारंभात शिवी हासडल्यासारखे सगळे तुमच्याकडे बघतात. विमान उडवणारे, पॅराशूट बांधून उडी मारणारे, अवकाशात जाणारे, सगळे ‘कडेचा’ म्हणतात. कडेचं उड्डाण, कडेची उडी. बरं, ते जिवावर उदार होऊन वर जातात, त्यांनी म्हणावं. पण त्यांचं ऐकून ऐकून खानावळीतली बाईसुद्धा ‘कडेचं कटलेट उरलंय, देऊ का?’ म्हणते, आणि दुधाच्या रांगेत येणारा माणूस ‘कडेचं कोण?’ असं विचारून मागे उभा राहतो. मला याची भयंकर चीड होती. मी शिवणकाम करणारी बाई. टाका शेवटचा असला की मी शेवटचाच म्हणणार.

दर एप्रिलात, अंतराळ दिनाला, टीव्हीवाले येतात. रिम्मा सावेल्येव्हना दोल्गिखबद्दल विचारतात. तिला भीती वाटली होती का, वरून पृथ्वी कशी दिसली म्हणाली, असले प्रश्न. अरे, हे तिला विचारा ना, ती याच जिन्यावर तिसऱ्या मजल्यावर राहते! मला हातमोज्याबद्दल विचारा. तर ते कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते. त्यात गुंतलेले डॉक्टर आता राहिले नाहीत, कर्नलही गेले, आणि रिम्माने परवानगी दिली आहे. म्हणाली, ‘‘सांग बाई खुशाल. आता मला कोण खाली उतरवणार!’’

रिम्मा कामा नदीकाठची. वडील नदीवर होडगं चालवायचे, ती दोरांच्या कारखान्यात कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी क्लबात जाऊन विमानातून उड्या मारायची. तेविसाव्या वर्षी तिला आणि आणखी पाच मुलींना इथे आणलं. घरी सांगायची बंदी. आईला वाटायचं, पोरगी मॉस्कोजवळ शिवणाचा वर्ग करते आहे. पुढे मी हे ऐकलं तेव्हा पोट धरून हसले, कारण रिम्माला साधं बटण लावता येत नव्हतं.

सहांपैकी एकीला वर पाठवलं. बाकीच्यांचा नंबर येईयेईपर्यंत वरिष्ठ मंडळींना वाटलं, बायकांचं उडून झालं, आता पुरे. तुकडी मोडली. चौघींनी लग्नं केली, आपापल्या गावी गेल्या. रिम्मा हलली नाही. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन इंजिनियर झाली आणि नियंत्रण कक्षात बसून वरच्या पुरुषांना ‘आता डावीकडचा खटका दाबा’ असं सांगू लागली. दर जानेवारीत उड्डाणासाठी अर्ज करायची. दर जानेवारीत उत्तर यायचं, ‘विचाराधीन’. एकदा तिथला कारकून म्हणाला, ‘‘रिम्मा सावेल्येव्हना, कशाला त्रास घेता? जुन्याच अर्जावर तारीख बदला.’’ तर ही म्हणाली, ‘‘तुम्ही तसंच करता वाटतं?’’

अशी एकोणीस वर्षं गेली. बेचाळिसाव्या वर्षी तिला बोलावणं आलं. अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला एक यंत्र बदलायचं होतं. जागा अरुंद, बोल्ट बारीक, आणि ती सगळी रचना रिम्मानेच कागदावर काढलेली. बाहेर जाऊन ते काम करायला तिच्याइतकं जाणकार कुणी नव्हतं. तिच्यामागे राखीव म्हणून एक तरुण कॅप्टन होता. पोरगा चांगला होता, पण ते बोल्ट त्याने चित्रातच पाहिले होते.

आता अडचण सांगते. बाहेर जायचं तर पोशाखात हवा भरलेली असते. हातमोजा टायरसारखा टणक होतो. बोट वाकवायचं म्हणजे रबराचा चेंडू दाबत राहायचं. म्हणून मोज्याच्या वरच्या कापडात प्रत्येक पेराच्या जागी घड्या शिवतात, बोट नेमकं तिथेच वाकावं म्हणून. घडी तांदळाच्या दोन दाण्यांएवढी जरी सरकली तरी नखं काळीनिळी पडतात. आणि आमच्याकडचा सगळ्यात लहान मोजा होता तो पुरुषाचा. रिम्माने तो घातला, हवा काढलेल्या पेटीत हात घातले, वीस बोल्ट बसवायला सुरुवात केली आणि त्यातले सात खाली पाडले.

कर्नल चाचण्यांचे मुख्य. ते म्हणाले, ‘‘अकरा दिवस देतो. नवा मोजा शिवा. पंधरा मिनिटांत वीस बोल्ट, एकही पडता कामा नये. नाही जमलं तर कॅप्टन जाईल. मला दुसरा इलाज नाही.’’

त्या वेळी मी मोज्यांच्या खोलीची प्रमुख. फाइना प्रोखोरोव्हना म्हटलं की शिकाऊ पोरींची पाचावर धारण बसायची, आणि बसायलाच हवी. रिम्मा माझ्याकडे आली ती अगदी अदबीने. ‘‘फाइना प्रोखोरोव्हना, तुम्हाला त्रास देते आहे.’’

‘‘त्रास मला नाही, कापडाला आहे. बाह्या वर करा. साच्यात हात घाला.’’

आम्ही प्लास्टरमध्ये हाताचा साचा घ्यायचो. पुरुषांचे साचे पंधरा वर्षं घेतले होते मी, एकालाही कधी धाकधूक नव्हती. हिने उजवा हात घातला तो मूठ अर्धवट मिटूनच.

‘‘बोटं सरळ करा.’’

‘‘सरळच आहेत.’’

‘‘मला आंधळी समजता का?’’ मी तिची करंगळी धरली आणि सरळ करायला गेले. ती होईना. मधल्या पेराशी आतल्या बाजूला वळली होती, आणि हाड जुनं, पक्कं जुळलेलं. रिम्माचा चेहरा पांढराफटक पडला. मी निनेलला, माझ्या मदतनीस मुलीला, चहाचं पाणी आणायला पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

‘‘केव्हाचं आहे हे?’’

‘‘एकविसाव्या वर्षाचं. बटाट्याच्या शेतात उतरले, कुदळीच्या दांड्यावर हात आपटला. शेजारच्या आजीने बांधलं. चार दिवसांनी पुढची उडी होती, सांगितलं असतं तर क्लबातून काढलं असतं.’’

‘‘आणि इथल्या तपासण्या? दर दोन वर्षांनी तुम्हाला आतबाहेर उलटंपालटं करून बघतात ना?’’

‘‘हृदय बघतात. कान बघतात. खुर्चीत गरागरा फिरवतात.’’ तिने हात पाठीमागे घेतले, अगदी शाळेतल्या मुलीसारखे. ‘‘बोटं कोण मोजतं, फाइना प्रोखोरोव्हना? मी हात असे ठेवते.’’

मला इतका संताप आला म्हणून सांगू! एकोणीस वर्षं अर्ज करते आणि एकोणीस वर्षं हात लपवते! आणि आता ते ओझं माझ्या डोक्यावर. साच्याबरोबर एक कार्ड जातं, त्यावर हाताचं वर्णन मी लिहायचं, खाली सही माझी. ‘करंगळी वाकडी’ एवढे दोन शब्द लिहिले की दुपारपर्यंत कॅप्टनची बॅग भरलेली. नाही लिहिले आणि वर, बाहेर लोंबकळताना तिचा हात अडला, तर? माणूस मरतो तिथे. मी तिला तोंडाला येईल ते बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली घातली नव्हती.

बोलून बोलून माझा दम संपला. मग मी टेबलावरची सगळ्यात बारीक सुई उचलली, रेशमाचा धागा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. ‘‘उजव्या हाताने ओवा. करंगळी टेबलाला टेकवून. मी बघते.’’

‘‘मला शिवता येत नाही.’’

‘‘शिवायला कोण सांगतंय! ओवा.’’

तिने ओवली. पहिल्याच प्रयत्नात. मी धागा उपसून काढला, पुन्हा दिला. पुन्हा ओवली. दहा वेळा केलं आम्ही हे. मी तिचे डोळे बघत नव्हते, त्या करंगळीकडे बघत होते. ती आपली वाकून खाली टेकायची आणि बाकीच्या बोटांना आधार द्यायची. हात तसूभर हलत नव्हता. माझ्या कुठल्याच पोरीचा हात इतका स्थिर नव्हता. मला कळून चुकलं, ही उणीव नाही. ते बोट गेली एकवीस वर्षं तिच्या हाताला टेकू देत होतं.

मी कार्डावर लिहिलं, ‘हात लहान. पकड उत्तम.’ आणि सही केली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

दहा दिवस मी त्या मोज्याला बसले. बाकीची चार बोटं निनेलने शिवली, करंगळीला मात्र मी तिला हातही लावू दिला नाही. करंगळीच्या घड्या मी सरळ न घालता तिरप्या घातल्या, जसं बोट तशी. वाकड्या बोटाचा मोजा शिवायचं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. तीन वेळा उसवलं. चौथ्यांदा मनासारखं झालं. रिम्मा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायची, कोबीचं सारण भरलेले पिरोश्की पाव आणायची, आणि मी तोंडात टाचण्या धरून तिला दटावत राहायची. कोणत्या दिवशी ‘तुम्ही’चं ‘तू’ आणि ‘फाइना प्रोखोरोव्हना’चं ‘फाया’ झालं, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

दहाव्या दिवशी मोजा तिच्या हातात होता, मी मनगटाशी गाठ मारली आणि म्हटलं, ‘‘झालं बाई एकदाचं. शेवटचा टाका.’’

निनेलच्या हातातली कात्री खाली पडली. रिम्माने हळूच हात माझ्यापुढे धरला.

‘‘फाया, उसव.’’

‘‘काय?’’

‘‘तो टाका उसव. आणि परत घाल.’’

‘‘तू इंजिनियर आहेस ना गं? लाज नाही वाटत?’’

‘‘वाटते. पण उसव.’’

मी उसवला. दातओठ खात परत घातला. ‘‘आता म्हण,’’ ती म्हणाली. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, ‘‘टाका झाला. ऊठ.’’ तेवढ्यावर तिने समाधान मानलं. असल्या अडाणीपणासाठी चांगला धागा वाया गेला म्हणून मी संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते.

अकराव्या दिवशी दुपारी चाचणी. पेटीजवळ कर्नल उभे, घड्याळाकडे बघताहेत, कारण त्यांना दोनच्या गाडीने मॉस्कोला जायचं. रिम्मा हात चोळत बसली होती. मी मोजे घेऊन उभी. आणि दारातून आमचे डॉक्टर, इप्पोलित लुकिच, हातात कागद घेऊन आले.

इप्पोलित लुकिच वाईट माणूस नव्हते. नुसते नियमाचे पक्के. म्हणाले, ‘‘नवा नियम आला आहे. चाचणीआधी उघड्या हाताची प्रत्येक बोटाची मोजणी. मी स्वतः करायची. पाच मिनिटांचं काम आहे. रिम्मा सावेल्येव्हना, हात पुढे करा.’’

रिम्माने माझ्याकडे पाहिलं. तिचे हात पाठीमागे गेले. एकोणीस वर्षांनंतर, दारात येऊन, पाच मिनिटांच्या कामापायी! मी डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. वर ठळक अक्षरांत काहीतरी टाइप केलेलं होतं. ते वाचलं आणि मला जन्मात पहिल्यांदा त्या अडाणीपणाबद्दल प्रेम वाटलं.

‘‘इप्पोलित लुकिच,’’ मी अगदी मधाळ आवाजात म्हटलं, ‘‘माझा चष्मा खोलीत राहिला. कोणता फॉर्म आहे, जरा मोठ्याने वाचता का?’’

डॉक्टरांनी वाचलं. कर्नलसमोर, रिम्मासमोर, बाहेर जायच्या चाचणीच्या दिवशी, खणखणीत आवाजात. ‘‘अंतराळवीराच्या हातांची शेवटची मोज...’’

पुढचं त्यांच्या घशातच राहिलं. कर्नल बावीस वर्षं लढाऊ विमानं उडवलेला माणूस. ते गर्रकन वळले आणि अपशकुन टळावा म्हणून डाव्या खांद्यावरून तीन वेळा थुंकले. थू, थू, थू!

‘‘डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आज? हिच्यासमोर? हे कुणी टाइप केलं?’’

‘‘वरून आलेला मसुदा आहे, साहेब...’’

‘‘वरून आला म्हणून इथे वाचायचा? जा, बदलून आणा! ‘कडेची’ लिहा!’’

‘‘पण टाइप करणारी बाई जेवायला...’’

‘‘मग तिचं जेवण होईपर्यंत थांबा! मी काही गाडी सोडणार नाही. कागद मागाहून जोडा. फाइना प्रोखोरोव्हना, मोजे चढवा.’’

मी मोजे चढवले. रिम्मा माझ्या कानाशी कुजबुजली, ‘‘अडाणी म्हणतेस ना आम्हाला?’’

‘‘गप्प बस आणि बोल्ट लाव,’’ मी म्हटलं.

तिने हात पेटीत घातले. हवा काढली, मोजे फुगले, ताठ झाले. कर्नलनी घड्याळ दाबलं. मी फक्त करंगळीकडे बघत होते. ती आपल्या तिरप्या घडीतून अलगद वाकली, पेटीच्या तळाला टेकली आणि तिथेच राहिली. एक बोल्ट. दुसरा. सातवा. तेरावा. एकही पडला नाही. वीस बोल्ट अकरा मिनिटांत झाले. कर्नलनी कागदावर सही ठोकली, रिम्माचा खांदा थोपटला आणि टोपी उचलून गाडी गाठायला धावले. माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टर आले ते अडीच वाजता, नवा फॉर्म घेऊन. ‘कडेची मोजणी.’ आता सुटका नव्हती. रिम्माने स्वतःहून हात टेबलावर ठेवला, बोटं पसरून. इप्पोलित लुकिच मोजत मोजत करंगळीपाशी आले आणि थांबले. चष्मा पुसला. परत पाहिलं.

‘‘केव्हाचं?’’

‘‘एकवीस वर्षं झाली.’’

‘‘म्हणजे इथे आलात त्याआधीचं.’’

‘‘हो.’’

‘‘तुमच्या तपासण्या पहिल्यापासून मीच करतो.’’

‘‘हो, इप्पोलित लुकिच. तुम्हीच करता.’’

डॉक्टर मनातल्या मनात हिशेब करताना मला स्पष्ट दिसले. दर दोन वर्षांनी एक तपासणी, दर तपासणीला त्यांची सही, ‘हातपाय निर्दोष’. हे बोट कागदावर आणायचं म्हणजे आधी स्वतःची चूक आणायची. त्यांनी पेटीतले वीस बोल्ट पाहिले. एक हाताने ओढून पाहिला, तो हलला नाही. मग माझ्याकडे वळले.

‘‘तुम्हाला हे माहीत होतं.’’

‘‘मी लिहिलंय ना कार्डावर. पकड उत्तम.’’

ते हसले. त्या माणसाला हसताना मी दोनदाच पाहिलं, त्यातली ही एक वेळ. त्यांनी फॉर्मवर माझंच वाक्य उतरवलं, सही केली आणि जाता जाता रिम्माला म्हणाले, ‘‘परत आलात की माझ्याकडे या. एकवीस वर्षं उशीर झालाय, पण बांधून देतो.’’

ऑगस्टात ती अवकाशात गेली. बाहेर पडायचा दिवस मंगळवार, दुपार. आमच्या खोलीत भिंतीवर कर्णा होता, त्यातून नियंत्रण कक्षातलं बोलणं ऐकू यायचं. सगळ्या पोरी यंत्रं बंद करून बसल्या. तीन तास चाललं ते काम. रिम्माचा श्वास ऐकू येत होता. मधूनच ती गुणगुणायची, अगदी बेसूर. मी हातात काहीतरी असावं म्हणून एक चिंधी घेतली होती, तिला मी किती घड्या घातल्या देव जाणे. एकोणीस बोल्ट झाले. खालून नवा पोरगा बोलत होता, उत्साहात म्हणाला, ‘‘रिम्मा सावेल्येव्हना, आता शेवटचा ना?’’

कर्ण्यात नुसती खरखर. नियंत्रण कक्षात कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातल्याचा आवाज आला. मग वरून रिम्माचा आवाज, एकदम ताजा, ‘‘कडेचा रे बाबा, कडेचा! शेवटचा म्हणालास तर उसवून परत बसवावा लागेल, विचार खाली फाइनाला!’’

सगळी खोली हसली. नियंत्रण कक्षही हसला, कशाला ते न कळताच. मी मात्र ती चिंधी तोंडाला लावून रडले. पोरींना वाटलं, फाइना प्रोखोरोव्हनाला काय झालं! आनंद झाला होता, दुसरं काय.

तो मोजा परत आला नाही. पोशाख वरच राहतात, आणि पुढे ते स्थानक जुनं झालं, खाली येता येता हवेत जळालं. माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम असं धूर होऊन गेलं. टीव्हीवाल्यांना दाखवायला माझ्याकडे काही नाही. रिम्मा परत आली, पदकं मिळाली, पुढची पंधरा वर्षं तिने नव्या मुलींना शिकवलं. त्या मुली मोज्यांच्या मापाला आल्या की मी आधी करंगळी बघायची. सवयच लागली.

आता मी शहाऐंशी वर्षांची आहे, ती ऐंशीची. दर रविवारी तिसऱ्या मजल्यावरून खाली येते, बरोबर जांभळ्या बेरीचा मुरंबा आणते, तो नेहमी जास्त गोड झालेला असतो आणि मी ते तिला नेहमी सांगते.

गेल्या रविवारी कोट घेऊन आली. कामा नदीकाठी बहिणीकडे निघाली होती आणि वरचं बटण लोंबत होतं. ‘‘इतक्या वर्षांत बटण शिकली नाहीस,’’ मी म्हटलं.

‘‘तू आहेस ना.’’

मी सुई घेतली. धागा तोंडात ओला केला. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. डोळ्यांवर आताशा पडदा आला आहे, नेढं दिसतच नाही. मला स्वतःचाच इतका राग आला की सुई टेबलावर आपटली. रिम्माने ती उचलली. करंगळी टेबलाला टेकवली, आणि पहिल्याच प्रयत्नात ओवून माझ्या हातात दिली.

मी बटण लावलं. हाताला दिसतं, त्याला डोळे लागत नाहीत. गाठीपाशी आले, धागा ओढून धरला, आणि तिच्याकडे पाहिलं. प्रवास लांबचा होता. ती ऐंशीची होती.

‘‘कडेचा टाका,’’ मी म्हटलं.

रिम्माने कान पुढे केला. ‘‘काय म्हणालीस?’’

‘‘कानात बोळे घातलेस का? कडेचा म्हटलं! घाल तो कोट.’’

तिने कोट घातला. प्रवासाला निघण्यापूर्वी मिनिटभर गप्प बसायची आमच्याकडे रीत आहे, तशा आम्ही दोघी दाराजवळच्या बाकावर बसलो. तिचा उजवा हात माझ्या हातात होता. मग ती उठली आणि म्हणाली, ‘‘पुढच्या रविवारी येते. चहा टाकून ठेव.’’